तिघांपैकी खरं कोण बोलतंय?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळून): वय ४१, शाळेत शिकवते, दिवसातले बरेच तास उभं राहून. दोन वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळताना उजवा गुडघा मुरगळला. सूज आली, उतरली, पण तेव्हापासून जिना उतरताना आणि फार वेळ उभं राहिल्यावर आतल्या बाजूला दुखतं. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या आतल्या गोलाईवर साधारण अडीच चौरस सेंटीमीटरचा, थेट हाडापर्यंत गेलेला कूर्चेचा (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाचा) खड्डा निघाला. अहवालात ‘ग्रेड ४’ लिहिलंय. मेनिस्कस (सांध्यातली गादी) आणि लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे पट्टे) शाबूत. पहिल्या ऑर्थोपेडिक सर्जननी मायक्रोफ्रॅक्चर सुचवून तीन आठवड्यांनंतरची तारीखही दिली. दुसऱ्यांनी पेशीरोपण सांगितलं, म्हणजे दोन शस्त्रक्रिया. तिसरे पाच मिनिटांत म्हणाले, आत्ता काही करू नका, व्यायाम करा. व्यायाम दोन आठवडे केला, फरक नाही. नवरा म्हणतो, लवकर उरकून टाक. बहीण स्टेम सेलच्या इंजेक्शनचा आग्रह धरतेय. रात्र-रात्र इतर रुग्णांचे अनुभव वाचते. कोणी म्हणतं पुन्हा धावायला लागलो, कोणी म्हणतं आयुष्याची माती झाली. पहिल्या डॉक्टरांना चार प्रश्न विचारले तर ते चिडले. बॅडमिंटन सुटलंय, ते फार लागतंय. तिघांपैकी खरं कोण बोलतंय आणि विश्वास कोणावर ठेवू?

प्रिय मैत्रीण,

तिघंही खरं बोलत असतील. हे वाचून तुमची निराशा होईल, कारण एखादा खोटा ठरला असता तर निवड सोपी झाली असती. मी डॉक्टर नाही आणि तुमचा गुडघा मी पाहिलेला नाही. पण अशी पत्रं मला नेहमी येतात, आणि त्यांत जवळजवळ नेहमी हेच गृहीत धरलेलं असतं की मतं तीन आली म्हणजे कोणीतरी फसवतंय किंवा कोणालातरी कळत नाही. कूर्चेच्या बाबतीत ते तसं नसतं.

मायक्रोफ्रॅक्चरमध्ये दुर्बिणीतून खड्ड्याच्या तळाच्या हाडाला बारीक भोकं पाडतात. मज्जेतलं रक्त वर येतं, त्याची गुठळी धरते आणि काही महिन्यांत तिथे नवं आवरण तयार होतं. अमेरिकेतले सर्जन रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रुळवली. एकच शस्त्रक्रिया, छोटे छेद, प्रयोगशाळेची गरज नाही. मात्र नवं आवरण मूळ कूर्चेसारखं नसतं. ते तंतुमय असतं आणि भार सोसण्यात कमी पडतं. लहान खड्डा असेल तर पहिली दोनेक वर्षं बहुतेकांची बरी जातात, पुढे काहींचा गुण ओसरायला लागतो.

पेशीरोपणात पहिल्यांदा दुर्बिणीतून तुमच्याच कूर्चेचा, भार न येणाऱ्या जागेचा, छोटासा तुकडा काढतात. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्ड्यात बसवतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे १९८७ साली हे माणसावर पहिल्यांदा झालं आणि १९९४ साली २३ रुग्णांचे निकाल छापून आले. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना दोन वर्षांनंतर चांगला किंवा उत्तम गुण होता. गुडघ्याच्या वाटीला खड्डा असलेल्या ७ जणांपैकी मात्र दोघांनाच. शस्त्रक्रिया तीच, सर्जन तेच, फक्त जागा बदलली. तुमचा खड्डा मांडीच्या हाडावर आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट.

आता गंमत बघा. नॉर्वेमध्ये ८० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून या दोन पद्धतींची तुलना केली गेली. दोन वर्षांनी पाहिलं, पाच वर्षांनी पाहिलं. पेशीरोपण वरचढ ठरलं नाही. पुढे २०१४ साली १४४ रुग्णांचा दुसरा अभ्यास आला. त्यात तीन चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून मोठे खड्डे होते आणि पेशी पडद्यावर बसवून रोपण करण्याची नवी पद्धत होती. तिथे दोन वर्षांनंतर रोपणवाले रुग्ण मायक्रोफ्रॅक्चरवाल्यांपेक्षा स्पष्टपणे बरे होते. एका सर्जनच्या मनात पहिला अभ्यास असेल, दुसऱ्याच्या मनात दुसरा, आणि दोघांच्याही मनात स्वतःच्या हाताला सरावाचं काय आहे ते असणारच. सर्जन जे रोज करतो तेच आधी सुचवतो. ही लबाडी नाही, पण रुग्णाने ते ओळखून असावं.

तुमच्या पत्रातल्या ‘ग्रेड ४’ बद्दल. तो शब्द तुम्ही कर्करोगाच्या चौथ्या अवस्थेसारखा वाचलाय, हे तुमच्या भाषेवरून कळतं. तो ग्रेड खोलीचा आहे. त्या एका जागी कूर्चा हाडापर्यंत गेलीय, एवढाच त्याचा अर्थ. अख्खा सांधा किती झिजलाय हे साध्या एक्स-रेवरून वेगळ्या मोजणीने ठरवतात. तिथेही शून्य ते चार अशीच श्रेणी असते आणि तिथला चार खरोखर गंभीर असतो. या दोन चौकारांची गल्लत करून कितीतरी लोक पन्नाशीच्या आत सांधा बदलण्याच्या गोष्टी करायला लागतात. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यातली फट दोन्ही बाजूंना नीट आहे का, हे विचारा. ती नीट असेल तर तुमच्याकडे एक खड्डा असलेला चांगला गुडघा आहे.

आणखी एक गृहीतक. खड्डा आहे म्हणून दुखतंय, म्हणून खड्डा बुजला की दुखणं जाईल, असं तुम्ही धरून चालला आहात. कूर्चेत मज्जातंतू नसतात. ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे ताणलेले स्नायू. २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या ७१० लोकांचे, ज्यांच्या एक्स-रेमध्ये संधिवाताची खूण नव्हती अशांचे, एमआरआय काढले गेले. त्यांतल्या ६९ टक्के लोकांच्या कूर्चेत दोष निघाला, आणि गुडघा न दुखणाऱ्यांचे एमआरआयसुद्धा काही स्वच्छ नव्हते. तुमच्या बाबतीत दुखापत, जागा आणि दुखणं यांचा मेळ बसतो, त्यामुळे खड्डा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण दुखण्यातला त्याचा वाटा किती, हे एमआरआय सांगू शकत नाही. ते हातांनी गुडघा तपासणारा माणूस सांगू शकतो, आणि तिघांपैकी कोणी तपासायला किती वेळ दिला हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

म्हणून मला तिसऱ्या डॉक्टरांचं मत तुम्ही टाकून दिलंत तितकं टाकाऊ वाटत नाही. त्यांची बोलण्याची पद्धत वाईट होती, हे मान्य. पाच मिनिटांत ‘काही करू नका’ ऐकल्यावर माणसाला झिडकारल्यासारखंच वाटतं. पण ‘काही करू नका’ आणि ‘शस्त्रक्रिया करू नका’ यांत फरक आहे. दोन आठवड्यांत मांडीचा स्नायू मजबूत होत नाही. त्याला तीन महिने तरी लागतात, आठवड्यातून दोन-तीनदा, हळूहळू वजन वाढवत, कोणीतरी नजर ठेवून. छापील कागदावरचे पाय उचलायचे व्यायाम म्हणजे ते नव्हे. ऑस्लोमध्ये अशाच हाडापर्यंत खड्डे असलेल्या, शस्त्रक्रियेच्या वाटेवर असलेल्या रुग्णांना तीन महिन्यांचा असा कार्यक्रम दिला गेला. त्यानंतर निम्म्याहून जास्त लोकांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. खड्डा तिथेच होता. गुडघा चालवण्यासारखा झाला होता.

शिवाय हे तीन महिने वाया जात नाहीत. पुढे शस्त्रक्रिया करायची ठरलीच तर मजबूत मांडी घेऊन टेबलावर जाणारा रुग्ण लवकर उभा राहतो. वजन थोडं जास्त असेल तर तेही याच काळात पाहता येईल. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार शरीराच्या कमी झालेल्या वजनाच्या साधारण चौपटीने घटतो, असं मोजून पाहिलेलं आहे.

आणि हो, पायाचा बाक. तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. नितंबापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा, उभं राहून काढलेला एक्स-रे झालाय का? गुडघा आतल्या बाजूला भार घेत असेल, म्हणजे पाय किंचित धनुष्याकृती असेल, तर आतल्या गोलाईवर केलेली कोणतीही दुरुस्ती त्याच भाराखाली पुन्हा दबते. अशा वेळी आधी किंवा सोबत हाडाचा कोन सुधारावा लागतो. पेशीरोपण सांगणाऱ्या डॉक्टरांनी हा एक्स-रे मागितला नसेल तर तुम्ही मागा. बाक न मोजता कूर्चेची दुरुस्ती ठरवणं ही घाई आहे, इतकं मी बेधडक म्हणेन.

समजा तीन महिन्यांनंतरही जिना उतरणं तसंच राहिलं. मग कोणती शस्त्रक्रिया? शेवटचा शब्द तुमचा आणि सर्जनचा, पण मला विचारलंत म्हणून सांगते: अडीच चौरस सेंटीमीटरच्या खड्ड्यासाठी, सोपी आहे म्हणून आधी मायक्रोफ्रॅक्चर करून बघू, हा युक्तिवाद मला पटत नाही. कारण ते करून जमलं नाही आणि नंतर पेशीरोपण करावं लागलं, तर त्या रोपणाच्या अपयशाचं प्रमाण जास्त असल्याचं दिसलं आहे. खालचं हाड एकदा दुखावलेलं असतं. म्हणजे ‘आधी सोपं, मग अवघड’ ही शिडी वाटते तितकी निरुपद्रवी नाही. ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ साली पेशीरोपणाला मान्यता देताना घातलेल्या अटीही बघा: खड्डा दोन चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठा, सांध्याची एकूण झीज अगदी कमी, आणि त्या खड्ड्याची आधी कोणतीही दुरुस्ती झालेली नाही. एक्स-रेमध्ये झीज दिसली नाही तर तुम्ही आज यात बसता. एक मायक्रोफ्रॅक्चर झालं की बसणार नाही. तिसराही मार्ग असतो. गुडघ्यातल्याच कमी भाराच्या जागेतून हाडासकट कूर्चेच्या छोट्या गुल्ल्या काढून खड्ड्यात बसवतात. त्यात एकच शस्त्रक्रिया लागते आणि कूर्चाही खरी मिळते, पण जिथून काढतात ती जागा मागे दुखू शकते, आणि खड्डा मोठा असेल तर गुल्ल्या पुरत नाहीत. तो पर्याय तुमच्यासमोर कोणी का ठेवला नाही, हे विचारायला हरकत नाही.

आता ज्याबद्दल सर्जन सगळ्यात कमी बोलतात आणि रुग्ण सगळ्यात जास्त लिहितात ते, म्हणजे नंतरचं वर्ष. मायक्रोफ्रॅक्चर असो की पेशीरोपण, भार येणाऱ्या जागेवर काम झालं की साधारण सहा ते आठ आठवडे कुबड्या. पायावर पूर्ण वजन टाकायचं नाही, पण गुडघा मात्र रोज बराच वेळ वाकवत-सरळ करत ठेवायचा. मग चालणं शिकायचं, मग स्नायू परत आणायचे. बॅडमिंटनसारख्या उड्या-वळणांच्या खेळाला पेशीरोपणानंतर वर्ष लागतं, कधी जास्तही. कूर्चेला रक्तपुरवठा नाही. ती सांध्यातल्या द्रवावर जगते आणि आपल्या चालीने पक्की होते. तुम्ही उभं राहून शिकवता. तेव्हा सुट्टी किती, परतल्यावर बसून शिकवता येईल का, घरात पहिले दोन महिने कोण असेल, याची उत्तरं तारीख ठरवण्याआधी हवीत. नवरा ‘लवकर उरकून टाक’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियेचा एक दिवस असावा. त्याला हे वर्ष दाखवा, त्यात त्याचा वाटा काय तेही.

रात्री वाचता त्या अनुभवांचं काय करायचं? ते खोटे नसतात, पण त्यांतून कोणता प्रश्न सुटतो आणि कोणता नाही हे ओळखा. चौथ्या महिन्यात, गुडघा अजून सुजलेला, मन खचलेलं, अशा वेळी माणूस लिहायला बसतो. दोन वर्षांनी बरा झालेला माणूस परत येऊन क्वचितच लिहितो. शिवाय ‘मायक्रोफ्रॅक्चर केलं, वाटोळं झालं’ असं लिहिणाऱ्याचं वय काय, खड्डा कुठे, केवढा, बाक होता का, व्यायाम केला का, हे आपल्याला दिसत नाही. यशाची शक्यता त्यांच्याकडून शिकू नका. पण कुबड्या घेऊन आंघोळ कशी करायची, रात्री पाय कसा ठेवायचा, गाडी कधी चालवता आली, कोणत्या टप्प्यावर धीर सुटतो, या बाबतीत त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. पुष्कळदा सर्जनलाही नाही. दिवसा वाचा. रात्री दुखणाऱ्या गुडघ्यासह वाचलेला प्रत्येक अनुभव आपलाच वाटतो.

पहिल्या डॉक्टरांच्या चिडण्याविषयी मला थोडं कडक बोलायचंय. डॉक्टरांवर ताण असतो, बाहेर रांग असते, हे सगळं खरं. वाचून आलेल्या रुग्णाची भीतीही त्यांना ओळखीची असते. तरीही जी शस्त्रक्रिया वर्षभर तुमच्या सहकार्यावर चालणार आहे तिच्याबद्दल चार प्रश्न न सोसणारा सर्जन पाचव्या महिन्यात, गुडघा सुजला म्हणून तुम्ही फोन कराल, तेव्हा काय करेल? त्यांचा हात उत्तम असेलही. तुम्हाला हातासोबत वर्षभराचा माणूस हवाय. म्हणून परत भेटायचं झालं तर नम्रपणे, पण लिहून नेलेले प्रश्न विचारा. ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला साधारण किती करता? माझ्या वयाच्या, एवढ्याच खड्ड्याच्या तुमच्या रुग्णांचं दोन वर्षांनी कसं चाललंय? मी सहा महिने थांबले तर काय बिघडेल? हे जमलं नाही तर पुढची पायरी कोणती? नंतरचे व्यायाम कोण घेणार आणि तुम्ही दोघं आपसात बोलता का? उत्तरांतले आकडे महत्त्वाचे आहेतच, पण ‘माझ्याकडे असे फार रुग्ण येत नाहीत, मी तुम्हाला अमुककडे पाठवतो’ हे उत्तर ऐकायला मिळालं तर त्या डॉक्टरांवर जास्त विश्वास ठेवा.

एक प्रश्न मात्र तिघांनीही तुम्हाला विचारायला हवा होता, की या गुडघ्याकडून तुम्हाला काय हवंय? आणि त्यांनी नाही विचारला तरी तुम्ही सांगायला हवं होतं. तुमच्या पत्रात बॅडमिंटन पुन्हा-पुन्हा येतं. तिन्ही डॉक्टरांपुढे मात्र तुम्ही अहवाल ठेवलात आणि ‘काय करावं लागेल?’ विचारलंत. त्यामुळे तिघांनी आपापल्या मनातली एक रुग्ण समोर बसवली. एकाने लवकर कामावर परतायची घाई असलेली, दुसऱ्याने पुढची पंधरा वर्षं खेळायचं असलेली, तिसऱ्याने थोडं दुखणं चालवून घेणारी. यांतली तुम्ही कोण? न दुखता जिना उतरणं पुरे असेल तर तिसरे डॉक्टर बरोबर ठरण्याची शक्यता मोठी आहे. पुन्हा कोर्टवर स्पर्धेच्या जोमाने उतरायचं असेल तर दुसऱ्यांचं ऐकावं लागेल, आणि तेही खात्री देणार नाहीत. आठवड्यातून एकदा मैत्रिणींसोबत डबल्स, जाळ्याजवळ, हा मधला पर्यायही आहे. तो कमीपणाचा नाही, पण तुम्हाला तो तसा वाटतो का, हे तुम्हीच ठरवा. पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हेच असू द्या: मला या गुडघ्याकडून अमुक हवंय.

बहिणीला सांगा की स्टेम सेलच्या इंजेक्शनने खड्डा भरून येतो याचा भरवशाचा पुरावा नाही. गुडघ्याच्या संधिवातात तीन प्रकारच्या पेशींच्या इंजेक्शनांची नेहमीच्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी तुलना झाली, २०२३ साली निकाल आले. वर्षभरानंतर पेशींचा एकही प्रकार सरस ठरला नाही. रक्तातल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनचंही २०२१ साली २८८ रुग्णांत मिठाच्या पाण्याशी तुलना करता तसंच झालं. तुमचा आजार थोडा वेगळा आहे, पण ‘एक सुई आणि शस्त्रक्रिया टळली’ असं कोणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा.

तीन आठवड्यांनंतरची ती तारीख रद्द करा, किंवा निदान पुढे ढकला. तुमचा त्रास दोन वर्षांचा आहे आणि गुडघा अडकत नाही, असं पत्रावरून दिसतं. अशा वेळी तीन-चार महिन्यांनी काही हातचं जात नाही. वर्षानुवर्षं मात्र लांबवू नका, जुन्या खड्ड्यांचे निकाल मागे पडतात. थांबण्याच्या काळात गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा झाला, आत काहीतरी सुटून फिरतंय असं वाटलं, किंवा पुन्हा-पुन्हा टम्म सुजायला लागला, तर तीन महिने पुरे होण्याची वाट न पाहता सर्जनकडे जा. गुडघा लाल-गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी. आणि पुढच्या वेळी जाताना एमआरआयचा नुसता छापील अहवाल नेऊ नका. मूळ चित्रांची सीडी न्या. चांगला सर्जन अहवालाआधी ती लावतो.